मोतीबिंदू निघाला, मग काचबिंदूची तपासणी कशाला?

प्रश्न : माझ्या नातवाच्या दोन्ही डोळ्यांत जन्मतः मोतीबिंदू होता. दोन महिन्यांचा असताना ऑपरेशन झालं. आता तो चार वर्षांचा आहे, जाड चष्मा लावून छान खेळतो. तरी काचबिंदू होऊ शकतो म्हणून डॉक्टर दर चार महिन्यांनी डोळ्याचा दाब मोजायला बोलावतात. माझंही ऑपरेशन झालंय, पण मला असं कुणी सांगितलं नाही. हे थांबणार कधी?
– एक आजी, सांगली

उत्तर : आजी, हे थांबवायचं नाही. डोळ्यात सतत पाणी तयार होतं आणि बुबुळाच्या कडेच्या बारीक जाळीतून निचरून जातं. तान्ह्या बाळाची ही जाळी पुरती तयार झालेली नसते. त्या वयात भिंग काढलं, की काही मुलांमध्ये पुढे निचरा मंदावतो, दाब वाढतो आणि दृष्टीची नस हळूहळू सुकते. नेमकं कारण तज्ज्ञांनाही पुरतं उलगडलेलं नाही.

अमेरिकेत एकाच डोळ्यात मोतीबिंदू असलेल्या ११४ बाळांचा अभ्यास झाला. सगळ्यांचं ऑपरेशन सात महिन्यांच्या आत झालं होतं. दहा वर्षांनंतर त्यांतल्या साधारण २२ टक्के मुलांना काचबिंदू झालेला होता. कृत्रिम भिंग बसवल्यानेही धोका टळला नाही.

म्हणून ऑपरेशन लवकर केलं ही चूक झाली, असं मनात आणू नका. त्या महिन्यांत डोळ्यात नीट उजेड गेला नसता, तर मेंदू पाहायला शिकलाच नसता. ते नुकसान मागाहून भरून येत नाही. काचबिंदू मात्र वेळेत सापडला तर थेंबांनी किंवा ऑपरेशनने आवरता येतो.

तान्ह्या बाळाचा डोळा दाबाने मोठा होतो, बुबुळ धुरकट दिसतं, उजेड सोसत नाही. नातवाच्या वयात यातलं काहीच न होता दाब वाढू शकतो. दुखत नाही, म्हणून मूल सांगतही नाही. म्हणून दाब मोजावाच लागतो. त्यासाठी एक हातात धरायचं यंत्र निघालंय. त्याची बारीक टोकाची सळई बुबुळाला क्षणभर टेकते. बधिर करायचे थेंबही लागत नाहीत, मूल आईच्या मांडीवर बसलेलं असतानाच दाब कळतो. चष्म्याचा अधिक नंबर भराभर उतरला तर खूश होऊ नका, डॉक्टरांना सांगा. दाबाने डोळा लांबत असेल.

आणि डोळे लाल झाले म्हणून मेडिकलमधून परस्पर थेंब आणून घालू नका. त्यात स्टेरॉइड असलं तर दाब आणखी वाढतो.