लसीविषयीचे लोकमत मोजावे कसे?

लोकमत जाणण्यासाठी पूर्वी वर्तमानपत्रांतील वाचकांची पत्रे चाळावी लागत. आता समाजमाध्यमांवरील मजकूर संगणक मोजतो. कोरोनाच्या साथीत लसीकरणाविषयीचे मत अजमावण्यासाठी ही पद्धत जगभर वापरली गेली. ठरावीक शब्द असलेला मजकूर गोळा करायचा, त्याचे अनुकूल, प्रतिकूल व तटस्थ असे गट पाडायचे आणि त्यांचे प्रमाण महिन्यागणिक कसे बदलते ते पाहायचे. समाजशास्त्राच्या विद्यार्थ्याला भुरळ पाडील अशीच ही रीत आहे. परंतु ती आपल्या धाराशिव जिल्ह्याला लावली तर?

प्रारंभीच शब्द अडतो. मराठीत ‘देवी’ हे रोगाचे नाव आणि लसीचेही. ‘देवी आल्या’ म्हणजे रोग झाला. ‘देवी काढल्या’ म्हणजे लस टोचली. मुंबईत १४ जून १८०२ रोजी ॲना डस्टहॉल या तीन वर्षांच्या मुलीला ही लस टोचली गेली. १९८० मध्ये या रोगाचे जगातून उच्चाटन झाल्याचे जाहीर झाले. रोग गेला, शब्द मात्र दंडावरच्या व्रणासारखा राहिला. आता २०२१ चे नवरात्र घ्या. ७ ऑक्टोबरला राज्यातील देवळे उघडली आणि ८ पासून १४ पर्यंत ‘मिशन कवच कुंडल’ ही लसीकरण मोहीम चालली. त्या आठवड्यात तुळजापूरच्या माणसाने ‘देवी’ लिहिले, तर ती कोणती हे यंत्राने कसे ओळखावे?

हा घोटाळा तसा निरुपद्रवी. खरा धोका संतापाच्या मोजमापात आहे. एप्रिल-मे २०२१ मध्ये महाराष्ट्रात लसीचा तुटवडा होता. मे महिन्यात १८ ते ४४ वयोगटाचे लसीकरण थांबवावे लागले. केंद्रावरून हात हलवीत परतलेला माणूस चिडून चार ओळी लिहितो आणि यंत्र त्या प्रतिकूल गटात टाकते. वस्तुतः त्याला लस हवीच आहे! जागतिक आरोग्य संघटनेच्या तज्ज्ञगटाने ‘टाळाटाळ’ या संज्ञेची व्याख्या करताना लस उपलब्ध असूनही न घेणे, अशी अट घातली आहे आणि विश्वासाचा अभाव, बेफिकिरी व गैरसोय या कारणांचा वेगवेगळा विचार केला आहे. अनुकूल-प्रतिकूल या ढोबळ विभागणीपेक्षा मला ही दृष्टी अधिक शास्त्रीय वाटते. नाहीतर जिथे लसीची पेटी पोचायला हवी, तिथे प्रबोधनाची भित्तिपत्रके जाऊन पडायची.

आणि जे लिहीतच नाहीत त्यांचे काय? भूम, परंडा, वाशी, कळंबकडील कितीतरी कुटुंबे दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला बाहेर पडतात. फडावर मोळ्या बांधणाऱ्या बाईचे मत कोणत्या आलेखात उमटणार? गावातली चर्चाही बहुधा व्हॉट्सॲपच्या गटांत चालते. संशोधकाला ती बाहेरून वाचता येत नाही. ‘लस का घेतली नाही?’ हा प्रश्न उंबऱ्यापाशी उभे राहून विचारला तो आशाताईंनी. यंत्राच्या आकड्यांशेजारी त्यांनी ऐकलेली उत्तरे ठेवून पाहावीत, असे मला वाटते. त्यासाठी साऱ्या जिल्ह्याची गरज नाही. आपल्या विभागातील चार-पाच विद्यार्थ्यांना एक गाव पुरेसे आहे.