उष्णता, अणुरेणु आणि बर्फांतील बांगडा

मिरकरवाडा बंदरावर मासळीवर पसरलेला बर्फ आपण सर्वांनीं पाहिला आहे. थंडीनें मासळी टिकते, हें घरोघरीं ठाऊक आहे. परंतु ती कां टिकते, याचें उत्तर रसायनशास्त्राच्या एका महत्त्वाच्या सिद्धांतांत सांपडतें.

प्रत्येक पदार्थाचे रेणु सतत गतिमान असतात. दोन पदार्थांत रासायनिक क्रिया घडावयाची, तर त्यांचे रेणु एकमेकांवर आदळले पाहिजेत. उष्णतामान वाढलें कीं रेणूंची गति वाढते, टकरी वाढतात, म्हणून क्रियाही शीघ्र होते, असें कोणीही म्हणेल. पण हिशेब करून पहा. उष्णतामानाचा खरा तळ उणे २७३ अंशांवर आहे. तेथून मोजलें असतां २७ अंश म्हणजे ३०० व ३७ अंश म्हणजे ३१० होतात. या दहा अंशांनीं रेणूंची सरासरी शक्ति शेंकडा सुमारें ३ वाढते. गति तर शेंकडा २ देखील वाढत नाहीं. असें असतां अनेक क्रियांचा वेग मात्र जवळजवळ दुप्पट होतो!

हें कोडें स्वीडनचे रसायनशास्त्रज्ञ स्वांते अर्‍हेनियस यांनीं १८८९ सालीं उकललें. रत्नागिरीहून कोल्हापुरास जावयाचें तर आंबा घाट चढावा लागतो. तसाच प्रत्येक क्रियेच्या वाटेवर शक्तीचा एक घाट असतो. तो ओलांडण्याइतकी शक्ति ज्या टकरीत असेल, तीच सफळ होते. बाकीच्या व्यर्थ जातात. घाट मोलामागें ५० किलोज्यूल उंचीचा धरला, तर ३०० वर एक अब्ज टकरींपैकीं सुमारें २ सफळ होतात, आणि ३१० वर जवळजवळ ४. सरासरी किंचित् वाढली, पण घाट ओलांडणारांची संख्या दुप्पट झाली. सारें मर्म येथें आहे.

मेलेल्या बांगड्यांतही क्रिया थांबत नाहींत. कांहीं जातींचे जंतु त्याच्या मांसांतील हिस्टिडीनपासून हिस्टामाइन हें अपायकारक द्रव्य बनवितात. तें शिजविल्यानेंही नाहींसें होत नाहीं. तेव्हां प्रश्न केवळ चवीचा नव्हे. दर दहा अंशांस वेग दुप्पट होतो असें धरलें, तर ३० अंशांवर एका तासांत होणारा बिघाड शून्य अंशाजवळ होण्यास आठ तास लागतील.

आपले बागाईतदार हाच नियम उलट बाजूनें वापरतात. पेंढ्याच्या आढींत हापुसाच्या श्वसनाची ऊब कोंडली जाते व फळ लवकर पिकतें.

एक गोष्ट मात्र ध्यानांत ठेवावी. बर्फ क्रियेस मंद करतो. झालेली क्रिया मागें फिरवीत नाहीं. म्हणून बर्फ घालावयाचा तो बाजारांत पोहोंचल्यावर नव्हे, तर जाळें होडींत ओढतांक्षणींच. उन्हांत गेलेला तास पुढें कितीही बर्फ घातला तरी परत मिळत नाहीं.