काड्यांच्या जुड्या आणि उलटे आकडे

मैत्रिणींनो, तुमचं दुसरी-तिसरीतलं मूल 'सत्तेचाळीस' ऐकून 74 लिहितं का? रागावू नका. मराठीत आपण सात आधी बोलतो, चाळीस नंतर. लिहिताना मात्र 4 आधी येतो. म्हणूनच 2019 साली दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात 'चाळीस सात' असंही वाचन दिलं गेलं.

घरी एवढंच करा. खराट्याच्या काड्यांचे तुकडे करून दहा-दहाच्या जुड्या बांधा, नऊ काड्या सुट्या ठेवा. तुम्ही 'सत्तेचाळीस' म्हणा. मुलाने डावीकडे 4 जुड्या, उजवीकडे 7 सुट्या काड्या मांडायच्या, मगच आकडा लिहायचा. 'एकोणतीस'साठी 3 जुड्या घ्या, एक जुडी सोडा आणि त्यातली एक काडी बाजूला काढा. उरल्या 2 जुड्या, 9 सुट्या. एकोण म्हणजे एक कमी, हे मुलाला डोळ्यांनी दिसतं.

"मला लिहिता-वाचता येत नाही, मी काय शिकवू?" असं म्हणू नका. बाजारातला हिशेब तुम्हीच करता ना? काड्या मोजता आल्या की झालं. रोज पाच आकडे पुरेत. गटाच्या वहीत 47 चे 74 झाले तर 27 रुपयांचा घोळ होतो. मुलाचा घोळ पुढे बेरीज-वजाबाकीत वाढत जातो. तो आत्ताच सोडवा.