लासूरहून लांबच्या विमानाला निघताना

लासूर स्टेशनला माझं कांद्याचं आडत दुकान आहे. मुलगी न्यू जर्सीत असते, त्यामुळे आम्हा नवराबायकोचं तिकडं जाणंयेणं चालू असतं. पंचक्रोशीत कुणाच्या पोरानं आईबापाचा व्हिसा काढला, की ती माणसं पासपोर्ट पिशवीत घालून माझ्या गादीवर येऊन बसतात. त्यांना जे सांगतो, तेच इथं.

१. नावाला भुलू नका, विमान कोणतं ते बघा.
एअर इंडिया म्हटलं की आमच्या पिढीच्या डोळ्यांपुढं तिच्या जाहिरातीतला महाराजा उभा राहतो. कंपनीचे बॉबी कूका आणि चित्रकार उमेश राव यांनी १९४६ साली घडवलेला, मिशांना पीळ दिलेला. त्याचा तोरा फुकटचा नव्हता. जेआरडी टाटांनी १९३२ साली कराचीहून टपाल घेऊन जुहूला उतरवलेल्या विमानापासून वाढलेली ही कंपनी, १९६२ मध्ये तिचा सगळा ताफा जेट विमानांचा झाला. १९६७ मध्ये तिनं साल्वादोर दालीकडून राखदाण्या करून घेतल्या आणि मोबदल्यात त्याला हत्तीचं पिल्लू दिलं! असा व्यवहार मी तरी कुठल्या बाजारात पाहिलेला नाही.
पण मधे बरंच पाणी वाहून गेलं. १९५३ ला कंपनी सरकारी झाली आणि २७ जानेवारी २०२२ ला परत टाटांकडं आली. आज त्याच नावाखाली जुनी ट्रिपल सेव्हन (७७७) विमानं उडतात, २०१२ पासून आलेली ड्रीमलायनर उडतात आणि २०२४ पासूनची नवी ए-३५० पण. ट्रिपल सेव्हनच्या साध्या वर्गात बहुतेक एका रांगेत दहा माणसं बसतात, बाकी दोन्हींत नऊ. तिकीट काढताना विमानाचा प्रकार लिहिलेला असतो, तो पोराकडून वाचून घ्या. जागा चालायच्या वाटेकडची मागा. खिडकीतून ढगांशिवाय काही दिसत नाही, आणि लघवीला उठताना दोन झोपलेली माणसं ओलांडावी लागतात.

२. आपल्या माणसांनी शक्यतो मुंबईहूनच जावं.
८ जून १९४८ ला एअर इंडियाचं ‘मलबार प्रिन्सेस’ विमान मुंबईहून लंडनला निघालं, तेव्हा ते कैरो आणि जिनिव्हाला थांबत गेलं. १९६० साली न्यूयॉर्कची सेवा सुरू झाली, तीही लंडनमार्गे. आता मुंबईहून न्यूयॉर्क न थांबता साधारण सोळा तासांत येतं. दिल्लीचं तिकीट कधी स्वस्त पडतं, हे खरं. पण एप्रिल २०२५ मध्ये पाकिस्ताननं आपल्या विमानांना आकाश बंद केलं, तेव्हा दिल्लीहून अमेरिकेला जाणाऱ्या काही विमानांना वळसा घालून व्हिएन्नाला इंधनासाठी उतरावं लागलं. साठीच्या पुढच्या माणसानं चार पैसे वाचवायला एवढं अंग मोडून घेऊ नये.
चिकलठाणा विमानतळावरून मुंबई गाठणार असाल तर दोन्ही विमानं एकाच पीएनआरवर घ्या. पहिलं उशिरा आलं आणि पुढचं चुकलं, तर सोय कंपनीला करावी लागते. वेगवेगळी तिकिटं असली की तुमचं तुम्ही.

३. व्हीलचेअर दोघांसाठी मागा.
याच्यावर माणसं फार अडतात. “मी काय लंगडा आहे का?” असं म्हणतात. अहो, मुंबईच्या टर्मिनल दोनवर किती चालावं लागतं ते आधी बघा. तिकडं तर भाषेचाही प्रश्न असतो. खुर्ची ढकलणारा माणूस रांग, फॉर्म, सामानाचा पट्टा, सगळं पार करून देतो.
फेब्रुवारी २०२४ मधली गोष्ट आहे. न्यूयॉर्कहून मुंबईला उतरलेल्या एका वृद्ध जोडप्याला एकच खुर्ची मिळाली. बाईला बसवून ऐंशी वर्षांचे आजोबा शेजारून चालत निघाले आणि इमिग्रेशनपाशी कोसळले. ते वाचले नाहीत. विमान वाहतूक महासंचालनालयानं त्याबद्दल एअर इंडियाला ३० लाखांचा दंड केला. म्हणून सांगतो, खुर्ची तिकिटासोबतच नोंदवा, दोघांची नोंदवा, आणि दुसरी येईपर्यंत उठू नका. उशीर झाला तर होऊ द्या.

४. वजन घरीच करा.
हा आमचा धंदाच. अमेरिकेला बहुतेक तिकिटांवर २३ किलोच्या दोन बॅगा चालतात, पण एकीत २५ आणि दुसरीत २१ चालत नाही. काऊंटरवर बॅग उघडून लुगडी आणि पापड चारचौघांत मांडायची पाळी येते. ज्वारीचं पीठ, काळा मसाला, शेंगदाण्याची चटणी मोठ्या बॅगेत टाका. अमेरिकेच्या विमानात ३५० मिलीपेक्षा जास्त पूड हातातल्या पिशवीत असली की तपासणीला अडकते. खोबऱ्याची वाटी अजिबात नको. सुक्या खोबऱ्यात तेल असतं, ते आपोआप तापून पेट घेऊ शकतं, म्हणून विमानात त्याला बंदी आहे. बिया, ताजी फळं, मटणाचं काही नको. फॉर्मवर किंवा तोंडी विचारलं तर खायचं आणलंय असं खरं सांगा, लपवलं तर दंड.
औषधं मात्र हातातच, डॉक्टरच्या चिठ्ठीसकट.

५. जेवण आधी सांगा.
निदान चोवीस तास आधी. जैन जेवण सांगितलं की ताट बहुतेक सगळ्यांच्या आधी येतं. त्यात कांदा नसतो. लासूरच्या आडत्याला हे सोसतं का विचाराल, तर एक रात्र सोसतं.

६. भीतीबद्दल.
१२ जून २०२५ ला अहमदाबादला एअर इंडियाचं विमान पडलं, आतल्या २४२ पैकी एकच माणूस वाचला. तेव्हापासून गादीवर हाच प्रश्न असतो. मी खोटा धीर देत नाही. १९६६ साली होमी भाभा ज्यात गेले ते माँ ब्लाँवर आदळलेलं विमान याच कंपनीचं, १९८५ मध्ये पडलेलं ‘कनिष्क’ विमानही तिचंच. पण १९९० साली कुवेतमध्ये अडकलेली आपली एक लाखाहून जास्त माणसं अम्मानहून ४८८ फेऱ्या करून आणली, तेही मुख्यतः हिनंच. दोन्ही ऐका आणि मग ठरवा. ज्याला नाही जमत त्यानं व्हिडिओ कॉलवर नातू बघावा, त्यात कमीपणा नाही.

७. मुलीचा पत्ता कागदावर लिहून घ्या.
उतरल्यावर फोनला रेंज नसते. अधिकारी विचारतो कुठं राहणार, किती दिवस. परतीची तारीख सरळ सांगा. बहुतेकांना सहा महिन्यांपर्यंतची मुदत मिळते. मिळाली म्हणून तेवढं राहायलाच पाहिजे असं नाही, ते जावयाचंही घर आहे.