यात्रेला कोणाला पाठवावे?

(युवक-युवती व पालक यांच्यासाठी अभ्यासपाठ. पाठ सुरू करण्यापूर्वी लूककृत शुभवर्तमान १:३९-५६ हा उतारा शांतपणे वाचावा.)



दक्षिण कोरियाची राजधानी सेऊल येथे ३ ते ८ ऑगस्ट २०२७ या दिवसांत जागतिक युवा दिन साजरा होणार, हे जाहीर झाल्यापासून मिस्सानंतर एक प्रश्न मला हमखास विचारला जातो : "फादर, आपल्याकडून कोण जाणार?" प्रश्न चांगला आहे. परंतु उत्तर देण्यापूर्वी मला माझीच एक चूक तुमच्यापुढे मांडायची आहे.

काही वर्षांपूर्वी मी दुसऱ्या एका धर्मग्रामात होतो. परदेशातील एका युवा मेळाव्यासाठी आमच्या वाट्याला एक जागा आली. मुदत संपत आली होती. मिस्सानंतर मी एवढेच विचारले, "पासपोर्ट कोणाकडे आहे? खर्च कोणाला झेपेल?" एकच हात वर झाला. मुलगा भला होता. तो गेला, परत आला, त्याने फोटो दाखवले आणि दोन महिन्यांत नोकरीसाठी पुण्याला निघून गेला. त्याच्या यात्रेतून धर्मग्रामाच्या हाती काही लागले नाही. यात दोष त्याचा नव्हता. आम्ही त्याला पाठवलेच नव्हते. तो आपला गेला होता.

त्याच धर्मग्रामात एक मुलगी होती. दर रविवारी दुपारी ती तांड्यावरच्या लेकरांना धर्मशिक्षण द्यायला जाई. काळीपिवळीचे भाडेही स्वतःच्या खिशातून भरी. एकदा बोलता बोलता ती म्हणाली, "मला जायला जमलं नसतंच फादर, आईची तब्येत बरी नसते. पण मला कुणी विचारलंसुद्धा नाही." हे बोलणे मी आजपर्यंत विसरू शकलेलो नाही. आजचा पाठ त्यातूनच सुचला आहे.

१. जागतिक युवा दिन म्हणजे काय?

१९८४ साली ईस्टरच्या दिवशी पोप जॉन पॉल दुसरे यांनी रोममध्ये युवकांच्या हाती एक साधा, उंच लाकडी क्रूस दिला आणि तो जगभर न्यायला सांगितले. पुढच्या वर्षाच्या अखेरीस त्यांनी जागतिक युवा दिनाची घोषणा केली. १९८६ साली तो प्रथम धर्मप्रांतांमधून साजरा झाला आणि १९८७ साली अर्जेंटिनातील ब्युनोस आयर्स येथे रोमबाहेरचा पहिला मोठा मेळावा भरला. १९९५ साली फिलिपाइन्समधील मनिला येथे लाखोंच्या संख्येने युवक जमले. त्यानंतर आशिया खंडात असा मेळावा सेऊललाच होत आहे. २०२३ साली पोर्तुगालमधील लिस्बन येथे समारोपाच्या मिस्साला सुमारे १५ लाख लोक होते. २०२५ च्या ज्युबिली वर्षात रोमजवळ तोर व्हेर्गाता येथे पोप लिओ चौदावे यांच्यासोबत सुमारे १० लाख युवकांनी रात्रीची प्रार्थना केली.

हे आकडे ऐकून छाती भरून येते. पण एक गोष्ट आपण विसरतो. हा दिवस दरवर्षी प्रत्येक धर्मप्रांतानेही साजरा करायचा असतो. पूर्वी तो झावळ्यांच्या रविवारी असे. पोप फ्रान्सिस यांनी २०२० साली तो ख्रिस्तराजाच्या सणाच्या दिवशी नेला. म्हणजे जागतिक युवा दिनात भाग घ्यायला पासपोर्ट असलाच पाहिजे, असे मुळीच नाही.

२. मरियामातेचा प्रवास

लिस्बनच्या मेळाव्यासाठी निवडलेले वचन लूक १:३९ हे होते. देवदूत निघून गेल्यावर मरिया उठते आणि घाईने डोंगराळ प्रदेशाकडे निघते. नाझरेथहून यहुदियाच्या डोंगरापर्यंतचा तो रस्ता काही दिवसांच्या पायपिटीचा होता. वाटेत तिने काय पाहिले, कोणती शहरे लागली, याबद्दल लूक एक अक्षरही लिहीत नाही. ती कोणाकडे गेली एवढेच तो सांगतो. वयस्कर एलिझाबेथ गरोदर होती. तिने मरियेला निरोप धाडला होता, असे शुभवर्तमानात कुठे म्हटलेले नाही. गरज कळली आणि मरिया निघाली.

पुढची एक ओळ आपण घाईत वाचून जातो. मरिया तिच्याकडे सुमारे तीन महिने राहिली आणि मग आपल्या घरी परतली (लूक १:५६). निघणे, कोणाच्या तरी उपयोगी पडणे आणि घरी परतणे, अशा तीन पायऱ्यांची ही यात्रा आहे. बाराव्या वर्षी येशूही जेरुसलेमच्या सणाला गेला, मंदिरात रमला. परंतु शेवटी आईवडिलांबरोबर नाझरेथला आला आणि त्यांच्या आज्ञेत राहिला (लूक २:४१-५२). यात्रेतील जेरुसलेम जितके महत्त्वाचे, तितकेच परतीचे नाझरेथही महत्त्वाचे आहे. आपले नाझरेथ म्हणजे आपले नांदेड, आपले लातूर, आपली खेडी.

३. वसईचा गोन्सालो

"आपली पोरं एवढ्या लांब जाऊन काय करणार?" असे काही पालक विचारतात. त्यांनी संत गोन्सालो गार्सिया यांची आठवण करावी. सोळाव्या शतकात आपल्याच महाराष्ट्रात, वसईला त्यांचा जन्म झाला. तरुणपणीच ते जेझुइट मिशनऱ्यांबरोबर जपानला गेले. तेथील भाषा त्यांनी इतकी आत्मसात केली की धर्मशिक्षणाच्या कामात मिशनऱ्यांना त्यांचा मोठा आधार झाला. मनात इच्छा असूनही जेझुइट संघात त्यांना प्रवेश मिळाला नाही. काही काळ त्यांनी व्यापार केला. पुढे मनिला येथे ते फ्रान्सिस्कन संघात ब्रदर म्हणून दाखल झाले. १५९३ साली फादर पेद्रो बाप्तिस्ता यांच्याबरोबर ते पुन्हा जपानला गेले, ते दुभाषा म्हणून. ५ फेब्रुवारी १५९७ रोजी नागासाकी येथे २६ जणांना क्रुसावर मारण्यात आले. त्यांत गोन्सालोही होते. १८६२ साली त्यांना संतपद देण्यात आले.

लक्षात घ्या, ते धर्मगुरू नव्हते. दुसऱ्याचा शब्द तिसऱ्यापर्यंत नीट पोहोचवणे, हे त्यांचे काम. आज मोठ्या मेळाव्यांमध्ये स्वयंसेवक नेमके हेच करतात : वाट दाखवणे, भाषा समजावून सांगणे, पाणी वाटणे, चुकलेल्यांना त्यांच्या गटापर्यंत नेणे, आजाऱ्याजवळ थांबणे. त्यातल्या पुष्कळांना व्यासपीठ दिसतही नाही. लिस्बनच्या मेळाव्यात शेवटच्या दिवशी, रोमला परतण्यापूर्वी, पोप फ्रान्सिस खास स्वयंसेवकांना भेटायला गेले होते, ते उगाच नव्हे.

४. 'उपलब्ध' माणूस

सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकताना गाब्रिएल मार्सेल हे फ्रेंच विचारवंत माझ्या वाचनात आले. माणूस हा मुळातच वाटसरू आहे, असे ते मानत. १९२९ साली त्यांनी कॅथलिक श्रद्धा स्वीकारली. त्याआधी, पहिल्या महायुद्धात, ते रेडक्रॉसच्या चौकशी विभागात काम करीत. बेपत्ता सैनिकांची माहिती कार्डांवर नोंदवायची आणि त्यांच्या घरच्यांना जे कळेल ते सांगायचे, असे ते काम होते. एका बाजूला कोरडे कार्ड आणि दुसऱ्या बाजूला मुलाची वाट पाहणारी आई. माणूस म्हणजे कार्डावरची माहिती नव्हे, ही गोष्ट त्यांना तेथे कळली.

पुढे त्यांनी 'उपलब्धता' या गुणावर पुष्कळ विचार मांडला. समोरच्या माणसासाठी आपल्या आत जागा असणे म्हणजे उपलब्धता. जो स्वतःनेच भरलेला आहे तो शेजारी बसूनही उपलब्ध नसतो. ही कसोटी आपल्या प्रश्नाला लावून पाहा. पर्यटक नवीन जागा पाहायला जातो. यात्रेकरू स्वतःमध्ये जागा करायला जातो. दोघेही एकाच विमानातून उतरतील. फरक दिसेल तो परतल्यावर.

५. आपल्या मातीची साक्ष

ही गोष्ट मराठवाड्याला नवीन नाही. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी आणि सास्तूर परिसरात भूकंप झाला. आदल्या दिवशीच गणपतीचे विसर्जन झाले होते. हजारो माणसे दगडमातीच्या भिंतींखाली गेली. तेव्हा देशातून आणि परदेशातून माणसे धावून आली. कोणी ढिगारे उपसले, कोणी मृतांना अखेरचा निरोप दिला, कोणी अनाथ लेकरांना पोटाशी धरले. ज्यांनी ते दिवस पाहिले त्यांना विचारा. आलेल्यांची नावे त्यांना आठवणार नाहीत, पण आलेली माणसे आठवतील. २०१६ च्या दुष्काळात मिरजेहून रेल्वेने लातूरला पाणी आले, तेही आपण विसरलेलो नाही.

आणि नांदेडकरांना आंतरराष्ट्रीय यात्रा म्हणजे काय हे वेगळे सांगायला नको. २००८ साली गुरु-ता-गद्दीच्या त्रिशताब्दीला देशोदेशींचे शीख बांधव हुजूर साहिबला आले होते. एरवीही तेथे लंगरमध्ये भांडी घासणारे आणि जोडेघरात यात्रेकरूंची पादत्राणे सांभाळणारे भाविक आपण पाहतो. त्यांत चांगल्या हुद्द्यावरची माणसेही असतात. सेवेशिवाय यात्रा पुरी होत नाही, हे शेजाऱ्यांकडून शिकण्यात आपल्याला कमीपणा वाटू नये.

६. मग कोणाला पाठवावे?

आपल्या धर्मग्रामासाठी मी पुढील गोष्टी सुचवतो. त्यांवर युवा गटाने आणि धर्मग्राम परिषदेने मोकळेपणाने बोलावे.

पहिली गोष्ट, सुरुवात पासपोर्टपासून करू नये. गेल्या वर्षभरात कोण कोणाच्या कामी आले, हे आधी पाहावे. त्यातून नावे काढावीत आणि ज्याला जमणार नाही असे आपल्याला वाटते, त्यालाही विचारावे. नकार देण्याचा हक्क त्याचा आहे. आपण त्याच्या वतीने नकार देऊ नये.

दुसरी गोष्ट, खर्च धर्मग्रामाने वाटून घ्यावा. सोयाबीनचे पैसे हाती आल्यावर प्रत्येक घराने ऐपतीप्रमाणे थोडे दिले तरी पाठवण्यात सर्वांचा हात लागेल. परंतु यात्रेसाठी कोणत्याही कुटुंबाने सावकाराकडून कर्ज काढू नये, जनावर विकू नये. अशी यात्रा देव आपल्याकडून मागत नाही.

तिसरी गोष्ट, नोंदणी धर्मप्रांताच्या युवा आयोगामार्फतच करावी. "व्हिसा मिळवून देतो" म्हणणाऱ्या एजंटाच्या हाती पैसे देऊ नयेत. यात्रेच्या व्हिसावर जाऊन तिकडेच कामासाठी राहून जाण्याचा विचार कोणाच्या मनात असेल, तर त्याने आधीच बाजूला व्हावे. ते खोटे बोलणे आहे आणि त्याची शिक्षा पुढच्या गटातल्या प्रामाणिक मुलांना भोगावी लागते. व्हिसा नाकारला गेला तर मात्र खचू नका. वकिलातीने नाही म्हटले म्हणजे देवाने नाही म्हटले, असे होत नाही. गोन्सालोंनाही एक दार बंद मिळाले होते.

चौथी गोष्ट, जे जाणार नाहीत त्यांच्यासाठी त्याच आठवड्यात येथे सेवा ठरवावी. लातूरला क्लाससाठी गावोगावची हजारो मुले खोली घेऊन राहतात. परीक्षेच्या ताणाने कोमेजलेल्या एखाद्या मुलाशी तासभर बोलणे ही सेवाच आहे. सरकारी दवाखान्यात खेड्यातून आलेल्या आजीला केसपेपर काढून देणे, योग्य खिडकीपर्यंत नेणे, हीसुद्धा सेवाच आहे. तेथे दुभाषा लागतो, फक्त भाषा मराठीच असते.

पाचवी गोष्ट, परतलेल्याने पुढचे सहा महिने धर्मग्रामाला द्यावेत. प्रत्येक उपकेंद्रात जाऊन त्याने फोटो जरूर दाखवावेत. पण भेटलेल्या माणसांबद्दल अधिक सांगावे. कोणाच्या घरी राहिलो, त्यांच्या श्रद्धेवर कोणते संकट आहे, आपल्यासाठी त्यांनी कोणती प्रार्थना केली, हे सांगावे. मराठवाड्यात आपण संख्येने मूठभर आहोत. कित्येक गावांत तर एकच कॅथलिक घर असते. अशा घरातल्या लेकराला "आपण एकटे नाही" हे कोणीतरी डोळ्यांनी पाहून येऊन सांगितले, तर त्याचे मोल फार मोठे आहे. माझ्या मते, यात्रेचा खर्च सार्थकी लागतो तो येथे.

गटचर्चेसाठी प्रश्न

१. मरिया एलिझाबेथकडे तीन महिने राहिली. मागच्या तीन महिन्यांत मी कोणासाठी वेळ काढला?
२. आपल्या धर्मग्रामात असा कोण आहे, ज्याला आपण कधीच विचारले नाही?
३. मला सेऊलला जायला मिळाले, तर परतल्यावर मी कोणते एक काम हाती घेईन? आणि जायला मिळाले नाही, तर तेच काम आजच का सुरू करू नये?

येत्या रविवारी मिस्सानंतर युवकांची बैठक आहे. पालकांनीही यावे. सोबत पासपोर्ट आणण्याची गरज नाही. ज्यांना बैठकीला येणे जमणार नाही, त्यांच्या घरी मी स्वतः विचारायला येईन. मागच्या वेळी राहून गेले होते.

पवित्र मरिया, लगबगीने निघालेल्या माते, आमच्या लेकरांना वाटेत सांभाळ आणि त्यांना सुखरूप घरी आण. आमेन.

तुमचा,
धर्मगुरू