दुकान मांडण्यापूर्वी



धरणगावाकडील एका खेड्यात सप्ताहाच्या काल्याचे कीर्तन आटोपून आम्ही जरा टेकलो होतो, तोच एक माळकरी गृहस्थ आपल्या मुलाला घेऊन आले. मुलाचे शिक्षण पुरे झालेले, नोकरी लागेना. तेव्हा दोन एकर काळी जमीन विकून जळगावी मोठे दुकान घालावे, असे त्याने मनात घेतलेले. बाप म्हणाला, "महाराज, जमीन गेली म्हणजे सगळंच गेलं. तुम्हीच याला सांगा." मुलगा म्हणाला, "बाबांना धंद्यातलं काय कळतं?" आम्ही दोघांनाही म्हटले की, बाबांनो, आम्ही काही शेठ नव्हे, पण दुकानात वाढलो आहोत. विचार करून मासिकातून लिहू. ते हे उत्तर होय.

प्रथम एक शंका दूर केली पाहिजे. कित्येक भाविक म्हणतात, व्यापार म्हटला की लबाडी आली. माळकऱ्याने त्यात पडू नये. याला उत्तर आमच्या संतमंडळीतच आहे. गोरोबा मडकी घडवीत, सावतोबा मळा पिकवीत, नरहरी पंढरपुरात सोनारकी करीत, चाकणचे संताजी जगनाडे तेलाचा घाणा चालवीत. आणि आपले तुकोबाराय तर देहूचे दुकानदारच. अर्थ हाही पुरुषार्थ आहे. तो कसा मिळवावा, एवढाच प्रश्न.

पहिला धडा : आरंभ लहान, ओळख दाट. आपल्या जिल्ह्यातलेच उदाहरण घ्या. वाकोदचे भवरलालजी जैन वाणिज्य आणि कायदा शिकलेले. सरकारी अधिकाऱ्याची नोकरी हाताशी असता ती न धरता त्यांनी १९६३ साली घरची साठवण ७,००० रुपये घालून रॉकेल विकावयास आरंभ केला. गिऱ्हाईक कोण? बहुतेक शेतकरी. मग त्याच शेतकऱ्याला आणखी काय लागते, ते पाहत पाहत खते, बियाणे, पाइप असे एकेक वाढत गेले. १९७८ साली केळीच्या भुकटीचा एक बंद पडलेला कारखाना त्यांनी ३० लाखांस घेतला आणि तेथे कच्च्या पपईच्या चिकापासून पपेन काढू लागले. पुढे पाइपांचा कारखाना झाला, त्यानंतर ठिबक सिंचन आले. प्रत्येक पाऊल आधीच्या पावलाला लागून पडले, हे ध्यानात घ्यावे.

परंतु याच कथेचा दुसरा भागही सांगितला पाहिजे. १९९० नंतरच्या दशकात सावकारी व्यवहार, संगणक अशा ओळख नसलेल्या धंद्यांत कंपनी शिरली आणि मोठी ठोकर बसली. आपण चुकलो, हे भवरलालजींनी भागधारकांपुढे उघड कबूल केले, आणि मग पुन्हा शेतकऱ्याचाच धंदा घट्ट धरला. २००८ साली त्यांना पद्मश्री मिळाली, २०१६ साली ते निवर्तले. ज्या गिऱ्हाइकाच्या घरचे ऊनपाऊस आपल्याला ठाऊक, त्याच्याच गरजेचा माल ठेवावा, हा या चरित्राचा दुकानदारापुरता अर्थ. जळगावच्या मोठ्या पेठेत त्या मुलाची ओळख कोणाशी? गावात मात्र प्रत्येक घर त्याला ओळखते.

दुसरा धडा : गल्ला म्हणजे नफा नव्हे. नवा दुकानदार संध्याकाळी गल्ल्यात १,००० रुपये पाहतो आणि हजाराचा धनी होतो. हिशेब करून पाहू. त्यातले ९०० मालाचे गेले. उरलेल्या शंभरातून भाडे, दिवाबत्ती, हमाली, उंदराने खाल्लेले, सांडलेले असे साठ वजा करा. हाती राहिले ४०. आता एखाद्याने शंभराची उधारी बुडविली, तर ती भरून यायला २,५०० रुपयांची विक्री फुकट करावी लागेल. म्हणून जुने व्यापारी रोजकीर्द लिहिल्याशिवाय जेवत नसत. घरखर्चाला ठरावीक रक्कम काढावी आणि तीही वहीत स्वतःच्या नावे मांडावी.

तिसरा धडा : उधारी. हा धडा आम्ही आमच्या घरी शिकलो. वडिलांचे तालुक्याच्या गावी किराणा दुकान होते. १९७२ चा दुष्काळ पडला तेव्हा आम्ही अकरा-बारा वर्षांचे होतो. खडी फोडून आलेल्या बाया संध्याकाळी ओट्याशी उभ्या राहत. वडील ज्वारी, गूळ, मीठ देत आणि लिहीत नसत. म्हणत, "अशा दिवसात नाव काय लिहायचं?" गावात त्यांना लोक देवमाणूस म्हणू लागले. पण माल वडिलांचा कुठे होता? तो घाऊक व्यापाऱ्याकडून उधारीवर आणलेला. एके दिवशी तो व्यापारी आला आणि काही न बोलता ओट्यावर बसून राहिला. त्याचीही मुलेबाळे होती, त्याच्याही डोक्यावर देणे होते. अखेर आईच्या पाटल्या विकल्या, दुकान मोडले आणि आमची रवानगी पाठशाळेत झाली. आम्ही कीर्तनकार झालो ते असे.

वडिलांनी दया केली हे चुकले, असे आम्ही आजही म्हणणार नाही. पण दया आपल्या मालातून करावी. दुसऱ्याच्या मालातून केलेली दया त्या दुसऱ्याच्या घरी दुःख होऊन उतरते. येथे तुकोबांचे चरित्र आठवावे. १६३० च्या सुमाराच्या दुष्काळात त्यांचे घरचे माणूस गेले, दिवाळे निघाले. पुढे त्यांनी येणे असलेली खते इंद्रायणीत सोडली, ही कथा आपण सगळे सांगतो. पण मधली गोष्ट सांगताना घाई करतो. परंपरा अशी आहे की, तुकोबांनी आधी बंधू कान्होबांचा अर्धा वाटा वेगळा काढून दिला आणि बुडविली ती केवळ स्वतःच्या वाट्याची खते. आम्ही ही कथा अनेक वर्षे रंगवून सांगितली. परंतु त्या अर्ध्या वाट्याचे मर्म वडिलांची आठवण झाली तेव्हा उमजले.

म्हणून, उधारी द्यावी, पण लिहून द्यावी. सोडावीशी वाटली तर आपल्या नफ्यातून सोडावी.

चौथा धडा : खानदेशचे पंचांग. आपल्याकडे कापूस वेचणीला येतो दसरा-दिवाळीच्या सुमारास. केळीला वर्ष लागते. ज्येष्ठ-आषाढात बियाणे-खतात शेतकऱ्याचा हात रिकामा होतो. तेव्हा गिऱ्हाईक उधारी मागणारच. जो दिवाळीतली विक्री पाहून दुकान मोठे करतो, तो आषाढात अडकतो. एक पुरे वर्ष, दिवाळी ते दिवाळी, धंदा पाहिल्याखेरीज त्याची खरी उंची-खोली कळत नाही.

आता त्या पिता-पुत्रांस आमचे सांगणे. मुला, जमीन विकू नकोस. आधी एक वर्ष दुसऱ्याच्या दुकानात पुड्या बांध, माल उतरव, वही लिही. मग घरच्या एका हंगामाची जी शिल्लक असेल, तेवढ्यात गावी छोटी खोली घे, किंवा आठवडे बाजारात पाल ठोक. बुडाले तर एक हंगाम बुडेल, पिढी बुडणार नाही. आणि बाबा, मुलाला नुसते नको म्हणू नका. हंगामाची ती शिल्लक त्याच्या हाती मोजून द्या आणि महिन्याला वही पाहा. कळत नसेल तर त्याच्याकडूनच समजून घ्या.

ज्येष्ठात मुक्ताईची पालखी मुक्ताईनगराहून पंढरीला निघते. मुलाने कधीतरी दुकानाला कुलूप लावून तिच्याबरोबर चालावे. परत आल्यावर जुने गिऱ्हाईक थांबलेले दिसले, तर माप खरे होते असे समजावे. इत्यलम् ।