बार्शीचा निबंध

आपल्या सोलापूर जिल्ह्यात बार्शी हे गाव आहे. तेथला बाजार आणि भगवंताचे देऊळ आपणा सर्वांना ठाऊक आहे. पण परदेशातले डॉक्टरही बार्शीचे नाव घेतात. ते का, हे आज आम्ही सांगणार आहोत.

कारण आहे कॅन्सरवरचे निबंध. निबंध म्हटले की शाळेतला गाईवरचा निबंध आठवतो. तो हा नव्हे. संशोधक एखाद्या रोगाचा शोध घेतो. काय केले, किती माणसे तपासली, काय आढळले, हे आकड्यांनिशी लिहितो. ते लिखाण मासिकाकडे पाठवतो. मासिकवाले ते लगेच छापीत नाहीत. दुसऱ्या जाणकारांकडे देतात. ते खोट काढतात, सवाल विचारतात. त्यातून टिकले तर छापले जाते. पुढे दुसरा संशोधक आपल्या निबंधात लिहितो, 'हे अमक्याने दाखवले आहे.' याला उल्लेख म्हणतात. निबंध किती आणि उल्लेख किती, यावरून संशोधकाची पत मोजतात. आम्हाला विचाराल तर नुसत्या निबंधांच्या संख्येत फार अर्थ नाही. पन्नास पोती भुसा असला म्हणून भाकरी होत नाही.

बार्शीला नर्गिस दत्त स्मारक कॅन्सर रुग्णालय आहे. १९८७ साली बार्शीत कॅन्सरची नोंदवही सुरू झाली. खेड्यांसाठी अशी नोंदवही भारतात ही पहिलीच. बार्शी, परांडा आणि भूम तालुक्यांतली ३४६ गावे तिच्यात होती. कार्यकर्ते गावोगाव हिंडत. कुणाला गाठ आहे का, कुणा बाईच्या अंगावरून अवेळी जाते का, अशी विचारपूस करीत. दवाखान्यात चला म्हणत. डॉ. भगवान नेने आणि डॉ. कस्तुरी जयंत ही या कामातली जाणती माणसे. १९९५ साली त्यांचा व सहकाऱ्यांचा एक निबंध छापून आला. गावात माहिती पोचल्यावर गर्भाशयाच्या तोंडाचा कॅन्सर झालेल्या बाया पूर्वीपेक्षा लवकर दवाखान्यात येऊ लागल्या, असे त्यात दाखवले होते.

हा रोग बहुतेक वेळा एचपीव्ही नावाच्या विषाणूमुळे होतो. तो आधीच हेरता येतो. पण कोणत्या तपासणीने जीव वाचतो? हे पाहण्यासाठी १९९९ साली शेजारच्या उस्मानाबाद, म्हणजे आताच्या धाराशिव, जिल्ह्यात मोठे काम सुरू झाले. बार्शीचे रुग्णालय, मुंबईचे टाटा रुग्णालय आणि फ्रान्समधली जागतिक आरोग्य संघटनेची कॅन्सर संस्था यांनी ते मिळून केले. ३० ते ५९ वर्षांच्या १,३१,७४६ बाया त्यात होत्या. गावांचे चार गट पाडले. तीन गटांत तीन तऱ्हेच्या तपासण्या. चौथ्या गटात माहिती दिली, पण तपासणी केली नाही.

आठ वर्षे हिशेब ठेवला. विषाणूची तपासणी ज्या गटात होती, त्यात ३४,१२६ बाया होत्या. त्यांतल्या ३४ बाया या कॅन्सरने दगावल्या. तपासणी नसलेल्या गटात ३१,४८८ बाया होत्या आणि ६४ दगावल्या. तपासणी एकदाच झाली होती, तरी मरण जवळजवळ निम्म्यावर आले. बाकीच्या दोन तपासण्यांनी एवढा फरक पडला नाही.

हा निबंध २००९ साली अमेरिकेच्या 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन' या नामांकित नियतकालिकात आला. पहिले नाव डॉ. शंकरनारायणन यांचे, दुसरे नेने यांचे. पुढे शेकडो निबंधांत त्याचा उल्लेख झाला.

टीकाही झाली. चौथ्या गटातल्या बायांना तपासणीविना का ठेवले, असे काहींनी विचारले. तुलनेला एक गट लागतो, असे संशोधक म्हणतात. पण ते ६४ जीव आहेत, नुसता आकडा नाही. हा सवाल आम्हाला रास्त वाटतो.

२०२१ साली जागतिक आरोग्य संघटनेने सगळ्या देशांना सल्ला दिला: तिशीपासून बायांची विषाणूची तपासणी करा, आणि ती पाच ते दहा वर्षांनी पुन्हा करा. दरसाल का नको? विषाणू अंगात शिरल्यापासून कॅन्सर व्हायला बहुधा पंधरा-वीस वर्षे लागतात. तेवढ्या अवधीत तो सापडला, तर बिघडलेला भाग छोट्या इलाजाने काढता येतो. नमुना घ्यायला थोडीच मिनिटे लागतात, आणि तो बाईला स्वतःच्या हातानेही घेता येतो.